गोदाकाठी राहून समुद्रासाठी काम: नव्या कार्यकर्त्यांसाठी मार्गदर्शक

समुद्रातील प्लास्टिकविरुद्ध काम करणारी संस्था नाशिकमध्ये कशासाठी, हा प्रश्न आमच्याकडे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला घरातूनच विचारला जातो, आणि बहुतेकांकडे त्याचे उत्तर नसते. म्हणून कामाला हात घालण्यापूर्वी एक दिवस त्र्यंबकेश्वरला काढावा, असे आम्ही सांगतो. ब्रह्मगिरीच्या परिसरात पडणाऱ्या पावसाचे दोन वाटे होतात. गोदावरी पूर्वेकडे निघते आणि सुमारे १,४६५ किलोमीटर वाहून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. वैतरणा त्याच डोंगराळ भागातून पश्चिमेकडे उतरून अरबी समुद्र गाठते. जिल्ह्याच्या उत्तरेकडे मोसम गिरणेला, गिरणा तापीला मिळते आणि तापी सुरतेच्या पुढे अरबी समुद्रात जाते. रामकुंडाच्या पायरीवर सोडलेली पिशवी आणि मालेगावच्या पुलावरून मोसमेत टाकलेली पिशवी यांचे समुद्र वेगळे आहेत, पण दोन्ही पिशव्यांचा जिल्हा एकच आहे.

याचा अर्थ नाशिकची प्रत्येक पिशवी समुद्रात पोहोचते असा नाही, आणि तसे कोणाला सांगूही नये. गोदावरीच्या वाटेत निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे, पुढे पैठणला जायकवाडीचे धरण आहे, आणि त्यानंतरही पुष्कळ बंधारे आहेत. बरेचसे प्लास्टिक काठावरच्या बाभळींत, गाळात आणि पाणवेलींत अडकून वर्षानुवर्षे पडून राहते. मात्र पडून राहते म्हणजे तसेच राहते असे नव्हे. ऊन, घर्षण आणि पाण्याचा मारा यांनी त्याचे तुकडे होत जातात, आणि ५ मिलिमीटरपेक्षा लहान झालेल्या तुकड्याला बंधाऱ्याचा दरवाजा अडवू शकत नाही. त्यामुळे आपल्या कामाची व्याख्या साधी ठेवावी: जे प्लास्टिक अजून हाताने उचलता येते, ते हाताने उचलता येईल अशा ठिकाणीच अडवायचे. अशी ठिकाणे समुद्रात फार थोडी असतात आणि नाल्यात पुष्कळ असतात.

पहिले पंधरा दिवस फक्त चालावे

नवा कार्यकर्ता आला की त्याच्या हातात मोजे देऊन त्याला थेट घाटावर उतरवण्याची पद्धत आम्ही सोडून दिली आहे. घाटावर उचललेला कचरा कुठून आला हे ज्याला ठाऊक नाही, तो दर रविवारी तोच कचरा पुन्हा उचलत बसतो आणि सहा महिन्यांत कंटाळून निघून जातो. म्हणून पहिले पंधरा दिवस वही आणि पेन्सिल घेऊन चालावे. पेन्सिल यासाठी की पावसात शाई पसरते.

गोदावरीला शहरात येऊन मिळणाऱ्या प्रवाहांपैकी दोन नीट पाहावेत. नासर्डी, जिला नंदिनी असेही म्हणतात, सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींच्या बाजूने येऊन टाकळीकडे जाते. पंचवटीतून येणारी वाघाडी दुसऱ्या अंगाने गोदावरीला मिळते. दोन्ही ठिकाणी संगमापासून सुरुवात करून प्रवाहाच्या उलट दिशेने चालावे, आणि जिथे प्लास्टिकचा ढीग दिसेल तिथे थांबून तो नेमका त्याच जागी का आहे याचा विचार करावा. ढीग कधीच कुठेही पडत नाही. कुठे गल्ली इतकी अरुंद असते की घंटागाडी आत जात नाही. कुठे ती सकाळी अशा वेळी येते की पहिल्या पाळीला गेलेल्या माणसाच्या घराला कुलूप असते. कुठे हॉटेलच्या मागच्या भिंतीला खिडकी असते आणि खिडकीखाली नाला असतो. पुलांवर आणखी वेगळा प्रकार दिसतो. ज्या पुलाच्या कठड्याला जाळी आहे तिथले नदीपात्र आणि ज्याला ती नाही तिथले पात्र यांची तुलना करून पाहावी; गाडी क्षणभर थांबवून निर्माल्याची पिशवी खाली सोडणाऱ्यांचे प्रमाण त्यावरून कळते.

वहीत प्रत्येक ढिगासाठी जागा, तारीख, वार, वेळ, जवळची ओळखीची खूण आणि ढिगात सर्वांत जास्त काय दिसते, एवढेच लिहावे. मत लिहू नये. ‘लोक बेशिस्त आहेत’ असे लिहिलेल्या वहीचा कोणालाही उपयोग होत नाही. ‘घंटागाडी साडेसातला येते, या वस्तीतील बाया सहाला कामावर जातात’ असे लिहिलेली वही महापालिकेच्या विभागीय कार्यालयात नेता येते आणि तिच्यावर बोलता येते. आमच्या एका ढिगाचा प्रश्न एकही पिशवी न उचलता, केवळ गाडीची वेळ बदलून सुटला. ज्यांना घाम गाळल्याशिवाय काम केल्यासारखे वाटत नाही त्यांना असे यश फिके वाटते, हे मी पाहिले आहे.

नदीचे वर्ष समजून घ्यावे

आपल्या कामाचे वर्ष जूनच्या आधी ठरते. नाल्यांत पाणी कमी असते, तळ दिसतो, आणि आठ महिन्यांत साचलेले सगळे पहिल्या मोठ्या पावसाची वाट पाहत पडलेले असते. एप्रिल आणि मे महिन्यांत नाल्यातून काढलेले एक पोते पावसाळ्यात नदीतून काढलेल्या कित्येक पोत्यांच्या तोडीचे असते, कारण एकदा पाणी चढले की ते काढायला आपण तिथे उतरूच शकत नाही. नव्या माणसांना सप्टेंबरचा उत्साह असतो आणि मे महिन्यात ती सुट्टीवर गावी जातात. सुट्टी घ्यायचीच असेल तर ती जुलैमध्ये घ्यावी.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सोडला की गोदावरीची पातळी किती वाढली हे नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात: पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीपर्यंत आले. २००८, २०१६ आणि २०१९ सालचे पूर ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही मापे वेगळी शिकवावी लागत नाहीत. आपल्यासाठी नियम एवढाच की विसर्ग वाढवल्याची सूचना आली की पात्रात कोणीही उतरायचे नाही, मारुतीच्या पायाला पाणी लागलेले असो वा नसो. पूर ओसरल्यानंतर मात्र दोन दिवसांत बाहेर पडावे. काठावरच्या झाडांना ज्या उंचीवर पिशव्या लटकलेल्या असतात ती पुराची रेषा असते. या पिशव्या उन्हात ठिसूळ होऊन हातात येताच फाटू लागतात, त्याआधी त्या उतरवाव्या लागतात.

पुढे गणेशोत्सव, नवरात्र आणि दिवाळी येतात, आणि जानेवारीत संक्रांत. संक्रांतीचा संबंध बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. नायलॉन मांजा हे प्लास्टिकच आहे. त्याच्यावर बंदी असूनही तो दरवर्षी झाडांवर, तारांवर आणि नदीकाठी सापडतो, आणि येवल्यासारख्या पतंगांच्या गावात तर तो गोळा करण्याचे काम महिनाभर पुरते. तो ओढून काढू नये. आधी कात्रीने कापून तुकडे करावेत, मग काठीला गुंडाळावेत. ओढलेला मांजा बोट कापतो आणि घरट्यासह फांदीही खाली आणतो.

अंगावर काय असावे आणि काय करू नये

पूर्ण बाह्यांचा सदरा, जाड पँट, गुडघ्यापर्यंतचे गमबूट, आणि हातात आधी पातळ व त्यावर जाड रबरी मोजे. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असावे. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि तो त्वचेवरच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतो. त्यामुळे पायाला चीर असेल तर त्या दिवशी काठावर उभे राहून मोजणीचे काम घ्यावे. त्यात कमीपणा नाही. काम झाल्यावर पुढील काही दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना नाल्यात उतरल्याचे आवर्जून सांगावे.

इंजेक्शनच्या सुया, सलाइनच्या नळ्या आणि औषधांच्या कुप्या दिसल्या तर त्यांना हात लावायचा नाही. जागेचा फोटो काढून समन्वयकाला कळवावे; तो वैद्यकीय कचरा आहे, त्याची विल्हेवाट वेगळ्या यंत्रणेकडे जाते, आणि तो आपल्या पोत्यात आला तर पुढे कचरा वेगळा करणाऱ्या माणसाच्या हातात रुततो. पोते उपडे करताना आत हात घालू नये. पोते पायाने दाबू नये. लहान मुलांना पाण्याजवळ न्यायचे नाही, शाळेने कितीही आग्रह केला तरी.

गाडी आल्याशिवाय पहिली पिशवी उचलायची नाही, हा आमचा नियम एका फजितीतून आला. पहिल्या वर्षी आम्ही तपोवनाच्या बाजूला सकाळभर राबून चाळीसहून अधिक पोती भरली आणि काठावर रचून ठेवली. पोती नेण्यासाठी गाडी पाठवण्याचे ज्यांनी कबूल केले होते त्यांची गाडी आली नाही, रात्री पाऊस झाला, आणि सकाळी काठावर तीन पोती शिल्लक होती. बाकीची आम्हीच नीट बांधून नदीच्या स्वाधीन केली होती. आता गाडी समोर उभी राहिल्यावरच मोजे घालायचे.

पाणवेलींबद्दल एक सूचना. त्यांच्या जाळीत प्लास्टिक अडकते, म्हणून ती उपटून काढण्याचा मोह होतो. महापालिका पाणवेली यंत्राने काढते. त्या वेळी काठावर आलेल्या ढिगातून प्लास्टिक वेगळे करणे हे आपले काम आहे, खोल पाण्यात उतरून वेली ओढणे हे नव्हे. नांदूर मध्यमेश्वरला तर वन विभागाच्या परवानगीशिवाय आणि पक्ष्यांच्या विणीचे दिवस सोडल्याशिवाय कोणतीही मोहीम काढायची नाही. ते अभयारण्य आहे, २०२० पासून राज्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून ओळखले जाते, आणि तिथे आपल्या पन्नास माणसांच्या गोंगाटाने होणारे नुकसान पन्नास पिशव्यांच्या नुकसानापेक्षा कमी नसते.

प्लास्टिक ओळखणे

खरे शिक्षण इथे सुरू होते. संस्थेच्या अंगणात पाण्याने भरलेली एक बादली ठेवलेली असते आणि प्रत्येक नव्या माणसाला तिच्यात वेगवेगळ्या वस्तूंचे तुकडे टाकून पाहायला सांगितले जाते. पाण्याच्या बाटलीचा तुकडा, म्हणजे पीईटी, बुडतो. तिचे झाकण पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीनचे असल्याने तरंगते. दुधाची पिशवी तरंगते, पीव्हीसी पाइपाचा तुकडा बुडतो, थर्माकोल अर्थातच तरंगतो. झाकण घट्ट लावलेली रिकामी बाटली आतल्या हवेमुळे तरंगत राहते. झाकण गेले की ती भरते आणि तळाला जाते. ही बादली पाहिल्यावर नदीच्या पृष्ठभागावर दिसणारा कचरा म्हणजे नदीतला सगळा कचरा नव्हे, हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. समुद्राचेही तसेच आहे. प्रशांत महासागरातील ज्या कचरापट्ट्याकडे १९९७ मध्ये चार्ल्स मूर यांनी जगाचे लक्ष वेधले, तो तरंगणाऱ्या प्लास्टिकचा आहे. बुडणाऱ्याचा पट्टा कोणाला दिसत नाही.

त्यानंतर वस्तूच्या तळाशी त्रिकोणात छापलेला १ ते ७ यांपैकी आकडा वाचायला शिकावे. १ म्हणजे पीईटी, २ म्हणजे कडक पॉलिएथिलीन, ३ पीव्हीसी, ४ नरम पॉलिएथिलीन, ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरीन आणि ७ म्हणजे बाकी सर्व. त्रिकोण म्हणजे वस्तूचा पुनर्वापर होतोच असा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. तो आकडा केवळ पदार्थाचे नाव सांगतो. पिशव्यांवर आकडा बहुधा सापडत नाही. तिथे हाताने ओळखावे: ओढल्यावर ताणली जाणारी, मऊ आवाजाची पिशवी पॉलिएथिलीनची, आणि चुरगाळल्यावर करकरणारे पाकीट बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे. आतून चांदीसारखे चमकणारे वेफर्सचे, मसाल्याचे किंवा शाम्पूचे पाकीट अनेक थरांचे असते. थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते परवडेल अशा खर्चात सुटे करता येत नाहीत, आणि म्हणून भंगाराच्या बाजारात त्याला भाव नाही.

या शेवटच्या वाक्यावर आमचे सगळे काम उभे आहे. नाल्यात चालताना नव्या माणसाला एक गोष्ट खटकते: पाण्याच्या बाटल्या वाटल्या होत्या त्यापेक्षा कमी दिसतात. त्या लोकांनी टाकल्या नाहीत असे नाही. आपण पोहोचण्याच्या आधी कचरावेचक मावशींनी त्या उचलून भंगार बाजारात किंवा वस्तीतल्या भंगारवाल्याकडे नेलेल्या असतात. तिथून त्यांच्या गाठी बांधून पुढे जातात आणि त्यांची गिट्टी, म्हणजे बारीक तुकडे, होते. मालेगावात जुन्या प्लास्टिकपासून गिट्टी आणि दाणा करणारे बरेच उद्योग आहेत. नदीत उरते ते प्लास्टिक भंगारवाल्याने नाकारलेले असते: पातळ कॅरिबॅग, पाकिटे, पुड्या, चमचे, थर्माकोलच्या ताटल्या. समुद्रापर्यंत जाण्याचा धोका ज्याला सर्वांत जास्त, ते आणि ज्याला भाव नाही ते, हे जवळजवळ एकच आहे.

म्हणून दोन नियम आहेत. मोहिमेच्या भागात कचरावेचक काम करत असतील तर त्यांना आदल्या दिवशी सांगावे आणि बाटल्या, डबे, बादल्या त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवाव्यात. स्वयंसेवकांनी फोटोसाठी बाटल्यांचा डोंगर रचायचा आणि रोज त्यावर पोट भरणाऱ्या बाईने रिकामे पोते घेऊन परत जायचे, हे समुद्राच्या नावाने केलेले नुकसानच आहे. दुसरा नियम बोलण्याचा. मावशींना आपण शिकवायला जात नाही. कुठल्या गल्लीत कोणत्या वारी काय पडते, कोणते दुकान गुपचूप पातळ पिशव्या देते, कुठल्या सोसायटीत ओला-सुका खरोखर वेगळा होतो, हे त्यांना जितके माहीत असते तितके कोणत्याही सर्वेक्षणात सापडत नाही. आधी पाणी विचारावे, मग माहिती.

नाकारलेल्या प्लास्टिकचे पुढे काय, हा प्रश्न तुम्ही विचारालच. स्वच्छ आणि कोरडे केलेले बहुथरी प्लास्टिक सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाऊ शकते. हा पुनर्वापर नाही, जाळणेच आहे. फक्त उघड्यावर जाळण्यापेक्षा ते बरे, कारण भट्टीतील तापमान खूप जास्त असते. देणगीदाराने विचारले तर ‘पुनर्चक्रीकरण केले’ असे न सांगता ‘भट्टीत पाठवले’ असेच सांगावे. शेतातून येणाऱ्या प्लास्टिकसाठी अजून आम्हाला समाधानकारक वाट सापडलेली नाही. द्राक्ष, टोमॅटो आणि भाजीपाल्याच्या पट्ट्यात मल्चिंगचा, म्हणजे पिकाभोवतीची माती झाकण्याचा, प्लास्टिकचा कागद एका-दोन हंगामांत फाटतो, त्याला माती चिकटलेली असते, आणि माती लागलेला माल भंगारवाला घेत नाही. कीटकनाशकांच्या बाटल्या तर कोणत्याही ढिगात मिसळायच्याच नाहीत.

मोजणे

१९८६ मध्ये अमेरिकेतील टेक्सासच्या किनाऱ्यावर सुरू झालेली आणि आता दरवर्षी सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर होणारी किनारा स्वच्छता मोहीम तुम्हाला ठाऊक असेल. तिचे वेगळेपण झाडण्यात नव्हते. सहभागी झालेल्या प्रत्येकाने काय उचलले ते कागदावर नोंदवावे, हे तिने रुजवले. आम्हीही तेच करतो, फक्त किनारा नदीचा असतो.

काठाची शंभर मीटर लांबीची एकच पट्टी ठरवून घ्यावी, दोन्ही टोकांना न हलणारी खूण निवडावी, आणि दर वेळी तीच पट्टी मोजावी. जागा बदलली की तुलना संपते. वस्तूंची संख्या लिहावी आणि वजनही लिहावे, पण वजनावर विसंबू नये. चिखलाने भरलेली पिशवी कोरड्या पिशवीच्या कितीतरी पट भरते, आणि ‘आज पाचशे किलो प्लास्टिक काढले’ असे सांगणाऱ्या मोहिमेने बहुतेक वेळा पाणी आणि माती तोललेली असते. माल झटकून, दोन दिवस उन्हात वाळवून मग तोलावा. आकडा लहान येतो. तो लहान आकडाच वार्षिक अहवालात जातो, आणि त्याबद्दल कोणी नाक मुरडले तर बादली, ताजवा आणि वही दाखवावी.

पाकिटांवरचे छापील मजकूर वाचावेत: उत्पादकाचे नाव, उत्पादनाची तारीख, किंमत. नाव यासाठी की प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम २०१६ आणि त्यांखालील २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार उत्पादकावर आपल्या वेष्टनाची जबाबदारी आहे. त्या तत्त्वांत कडक, लवचिक, बहुथरी आणि कुजणारे असे वर्ग केलेले आहेत, आणि आमच्या नोंदवहीचे रकानेही त्याच वर्गांप्रमाणे आखले आहेत, म्हणजे पत्रव्यवहार करताना भाषांतर करावे लागत नाही. तारीख यासाठी की ती ढिगाचे वय सांगते. गाळातून निघालेल्या एका पाकिटावरची किंमत वाचून आमचा एक तरुण कार्यकर्ता म्हणाला की हा बिस्किटपुडा त्याच्या जन्माआधीचा आहे. रंग थोडा उडाला होता, अक्षरे शाबूत होती.

आणखी एक बारीक नोंद, जिच्यावर सुरुवातीला सगळे हसतात. दुधाच्या पिशवीचा कापून वेगळा केलेला कोपरा. पिशवी भंगारात जाते, कोपरा मोरीतून नाल्यात जातो. पिशवी कापताना कोपरा तिलाच लटकता ठेवावा, हे आम्ही घरोघरी सांगतो, आणि त्याला कोणाचाही विरोध नसतो, कारण त्यात कोणाला काही सोडावे लागत नाही.

दुकानदाराशी बोलणे

महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. तिच्यानुसार पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,००० रुपये आणि त्यापुढे २५,००० रुपये दंड व ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तूंवर देशभर बंदी घातली, आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून कॅरिबॅगची किमान जाडी १२० मायक्रॉन ठरवली. हे पाठ असावे, पण दुकानात शिरल्याबरोबर म्हणून दाखवू नये. दंड करण्याचा अधिकार महापालिकेच्या अधिकाऱ्यांना आहे, आपल्याला नाही, आणि स्वयंसेवकाने पोलिसाचा आव आणला की तो रस्ता कायमचा बंद होतो.

भाजीबाजारात हातगाडीवाल्याला ‘काका, पिशवी बंद करा’ म्हणण्यापूर्वी अर्धा तास त्याच्या शेजारी उभे राहावे. ग्राहक रिकाम्या हाताने येतो, पिशवी मागतो, नाही म्हटले तर पुढच्या गाडीवर जातो. अशा ठिकाणी एका गाडीवाल्याला पटवून उपयोग नसतो. ओळीतल्या सगळ्यांशी एकाच दिवशी बोलावे लागते, आणि अनामत घेऊन कापडी पिशवी देण्याची सोय त्याच ओळीत करावी लागते. आमचा पहिला प्रयत्न फसला, कारण अनामत वीस रुपये ठेवली होती आणि लोकांनी ती पिशवी विकत घेतली असे समजून घरी ठेवली. जुन्या साड्यांच्या पिशव्या केल्यावर काम थोडे सुधारले. थोडेच.

तंबाखू, गुटखा आणि पानमसाला यांच्या पुड्यांसाठी प्लास्टिक वापरण्यास २०१६ च्या नियमांनुसारच मनाई आहे. नाल्याच्या मोजणीत पुड्या दिसल्या तर त्या वेगळ्या मोजाव्यात. तक्रार करताना हा आकडा फार बोलका ठरतो.

घाटावरचे वागणे

रामकुंडावर कोणी आईवडिलांच्या अस्थी घेऊन आलेला असतो. त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी असली तरी त्या क्षणी त्याला समुद्राविषयी सांगायचे नसते. थोडे अंतर ठेवून थांबावे. विधी झाल्यावर ‘दादा, पिशवी इकडे द्या, आम्ही टाकतो’ एवढे म्हटले तर आजवर कोणी नाही म्हटलेले नाही. निर्माल्य आणि पिशवी वेगवेगळी करताना फुले पायाखाली येऊ देऊ नयेत, हार कचऱ्याच्या पोत्यात कोंबू नयेत. निर्माल्यासाठी वेगळा कलश असतो, त्याचे खत होते. पुरोहित मंडळींशी ओळख करून घ्यावी. यजमान आमचे पत्रक वाचत नाही, पण गुरुजींनी ‘पिशवी पाण्यात नको’ म्हटले की ती जात नाही.

२००३ आणि २०१५ नंतरच्या सिंहस्थाच्या मुख्य पर्वण्या २०२७ मध्ये येत आहेत, आणि त्यांसाठी देशभरातून येणाऱ्या भाविकांशी मराठीत बोलून चालणार नाही. ‘थैली हमें दे दीजिए’ हे वाक्य आताच सहज येऊ द्यावे. गोदावरीचे पाणी घरी नेण्यासाठी विकले जाणारे प्लास्टिकचे कॅन पाहून नवे कार्यकर्ते अस्वस्थ होतात. माझ्या मते त्यांच्यावर शक्ती घालवू नये, कारण तो कॅन जपून घरी जातो. रेनकोटच्या पातळ पिशव्या, चहाचे कप आणि जेवणाच्या ताटल्या जपून नेल्या जात नाहीत.

शाळेत भाषण देण्यापूर्वी

तीन महिन्यांनंतर तुम्हाला शाळांमध्ये पाठवले जाईल. तिथे वापरण्याजोगे थोडे आकडे लक्षात ठेवावेत आणि प्रत्येक आकडा अंदाज आहे हे सांगावे. २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१० या एका वर्षात जमिनीवरून ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक समुद्रात गेले. २०२१ च्या दुसऱ्या एका अभ्यासाने नद्यांमधून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी ८० टक्के प्लास्टिक एक हजाराहून अधिक नद्यांतून जाते असा निष्कर्ष काढला, आणि त्यात शहरांमधून वाहणाऱ्या लहान नद्यांचा वाटा मोठा निघाला. नासर्डीच्या काठावरच्या मुलांना हे आवर्जून सांगावे. ‘२०५० पर्यंत समुद्रात माशांपेक्षा प्लास्टिक जास्त होईल’ हे वाक्य मात्र वापरू नये. ते टाळ्या घेते, पण त्यातील मासे आणि प्लास्टिक ही दोन्ही गणिते फार ढोबळ आहेत, आणि एखाद्या हुशार मुलीने ‘मासे कोणी मोजले?’ असे विचारले तर तुमच्याजवळ उत्तर नसेल. मला एकदा विचारले होते.

प्लास्टिक प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराबद्दल कोणी विचारलेच तर वस्तुस्थिती सांगावी: मार्च २०२२ मध्ये नैरोबीत असा करार करण्याचे ठरले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हातील वाटाघाटी मसुद्यावर एकमत न होताच संपल्या.

कार्यालयात

संस्थेचे कागद पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे. धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी, लेखापरीक्षणाचा अहवाल आणि देणगीच्या करसवलतीचे प्रमाणपत्र पाहायला मागावे. जी संस्था ते दाखवायला कुरकुरते तिथे आपली रविवारची सकाळ देऊ नये. रोख देणगी घ्यायची झाल्यास पावती त्याच जागी फाडावी. एखाद्या कंपनीने सामाजिक दायित्व निधीतून मोहिमेला पैसे देऊ केले तर आधी नोंदवहीत पाहावे की तिची पाकिटे आपल्या शंभर मीटरमध्ये किती सापडली. पैसे घ्यावेत की नाही यावर आमच्यात मतभेद आहेत आणि ते मिटलेले नाहीत. मोजणीचे आकडे कोणत्याही देणगीदारासाठी बदलायचे नाहीत, यावर मतभेद नाहीत.

पावसाळा संपल्यानंतर, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, तुम्ही मे महिन्यात मोजलेल्या त्याच शंभर मीटरवर परत जायचे आहे. जुनी वही सोबत असावी, पण मोजणी पूर्ण होईपर्यंत ती उघडू नये. मागचा आकडा डोळ्यांसमोर असला की हात नकळत त्याच्याकडे वळतो.